ओमरान यांचा सिद्धांत भंडारा जिल्ह्याला लावून बघू

मित्रांनो, पेट पास झाली, गाईड मिळाले, आता आरआरसीसमोर ठेवायचा आराखडा लिहायचा आहे. विषय आरोग्य, लोकसंख्या, भूगोल किंवा समाजकार्य यांतला असेल, तर 'सैद्धांतिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली एक नाव हमखास येतं: अब्देल ओमरान. "ओमरान (१९७१) यांच्या मते समाज तीन टप्प्यांतून जातो" असं एक वाक्य, खाली टप्प्यांची यादी, आणि लगेच पुढे "आपला जिल्हा आता तिसऱ्या टप्प्यात आला आहे". झालं प्रकरण!

आज आपण हेच शेवटचं वाक्य तपासू. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: ओमरान यांचा मूळ लेख आणि एक खराखुरा जिल्हा. जिल्हा मी भंडारा घेते. लोकसंख्येच्या आकड्यांवरून तो बराच पुढे गेलेला दिसतो, आजारांच्या यादीवरून मागे राहिलेला. सिद्धांताची परीक्षा घ्यायला असाच जिल्हा बरा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ओमरान यांनी विचारलेला प्रश्न आजही मोलाचा आहे, पण त्यांचं उत्तर भंडाऱ्यात टिकत नाही. त्यांच्या मते जुने आजार हटतात आणि त्यांची जागा नवे आजार घेतात. भंडाऱ्यात जुने आजार आपल्या रुग्णांबरोबर म्हातारे होत आहेत. आणि आपली मोजपट्टी तरुण वयावर ठेवलेली असल्यामुळे हे म्हातारे रुग्ण मोजणीतून निसटतात.

मूळ लेखात काय आहे?

हा लेख १९७१ साली 'मिलबँक मेमोरियल फंड क्वार्टर्ली' या नियतकालिकात आला. आधी शब्दाचा घोळ मिटवू. आजाराच्या संदर्भात मराठीत संक्रमण म्हटलं की लागण डोळ्यासमोर येते. इथे मात्र संक्रमण म्हणजे स्थित्यंतर, एका अवस्थेतून दुसरीत जाणं. बी.ए.ला शिकलेला 'लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत' आठवा. आधी जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही जास्त, मग मृत्युदर घटतो, मग जन्मदर. पण मृत्युदर घटतो म्हणजे कोणते आजार कमी होतात, आणि कोणाचे जीव वाचतात? तो सिद्धांत याबद्दल फारसं बोलत नाही. ओमरान यांनी नेमकी ही रिकामी जागा भरली.

त्यांचे तीन टप्पे असे. पहिला साथी आणि दुष्काळांचा, सरासरी आयुर्मान २० ते ४० वर्षे. दुसरा साथी ओसरण्याचा, आयुर्मान ३० ते ५० वर्षे. तिसरा झीज होऊन जडणाऱ्या आणि माणसाने स्वतः ओढवून घेतलेल्या आजारांचा, म्हणजे हृदयविकार, कर्करोग वगैरे. आयुर्मान पन्नाशीच्या पुढे. सगळे देश एकाच गतीने जातात असं ते म्हणत नाहीत. पश्चिम युरोपची वाट वेगळी, जपानची वेगवान, आणि सिलोन, चिली यांसारख्या देशांची उशिराची, असे नमुने त्यांनी दिले आहेत. आराखड्यांमध्ये हा भाग बहुतेक वेळा गळतो.

आणखी एक विधान गळतं, आणि माझ्या मते लेखातलं सर्वांत टिकाऊ विधान तेच आहे: या स्थित्यंतराचा सर्वांत खोल परिणाम लहान मुलांवर आणि तरुण स्त्रियांवर होतो. म्हणजे आजार कोणता, यासोबत वय कोणतं आणि लिंग कोणतं, हेही ओमरान विचारतात. हा प्रश्न हातात धरून आता भंडाऱ्यात जाऊ.

लोकसंख्या काय सांगते?

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. २०२४ च्या त्यांच्या अंदाजानुसार ती २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर पोचेल आणि मग हळूहळू उतरेल. म्हणजे जग म्हातारं होण्याच्या दिशेने निघालं आहे, आणि महाराष्ट्र त्यात पुढे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर १.७ निघाला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, महाराष्ट्रात ९.९ टक्के.

भंडाऱ्याची लोकसंख्या २००१ मध्ये ११,३६,१४६ होती, २०११ मध्ये १२,००,३३४ झाली. दहा वर्षांत वाढ साडेपाच टक्क्यांच्या थोडी वर. त्याच काळात राज्य सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं.

आता इथे थांबा. "वाढ कमी, म्हणजे जन्म कमी" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण लोकसंख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तिन्हींनी हलते. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या चक्क घटली. मुंबईला गेलेले चाकरमानी वगळून त्याचं कारण सांगता येईल का? भंडाऱ्यातूनही धानाचा हंगाम संपला की माणसं नागपूरकडे आणि त्याहून लांब कामाला जातात. जन्म कमी झाले काय किंवा तरुण बाहेर गेले काय, मागे राहिलेलं गाव दोन्ही वाटांनी म्हातारं होतं. पण आजाराच्या दृष्टीने या दोन वाटा सारख्या नाहीत. बाहेर गेलेला तरुण आजारी पडला की बऱ्याचदा गावातच परत येतो.

दुसरी सावधगिरी हद्दीची. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा 'भंडारा' म्हणजे आजचे दोन जिल्हे. जुनी आकडेवारी वापरताना तालुके जुळवून घेतले नाहीत, तर तुमच्या तक्त्यात एका रात्रीत लाखो माणसं गायब होतील.

हत्तीरोग: कोणत्या वयाला तपासायचं?

पूर्व विदर्भातल्या इतर जिल्ह्यांप्रमाणे भंडाराही हत्तीरोगग्रस्त आहे. सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास याचा परजीवी पसरवतो. त्याच्या सूक्ष्म अळ्या रात्री रक्तात उतरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घ्यावे लागतात. देशात २००४ पासून सार्वत्रिक औषधोपचार मोहीम सुरू आहे: आजार असो-नसो, सगळ्यांनी वर्षातून एकदा गोळ्या घ्यायच्या. मोठे कृमी माणसाच्या शरीरात काही वर्षे जगतात, त्यामुळे एका फेरीने भागत नाही, निदान पाच चांगल्या फेऱ्या लागतात.

फेऱ्या झाल्या की प्रसार थांबला का, ते तपासतात. या तपासणीत बहुधा ६ ते ७ वर्षांची मुलं घेतात. यामागचा विचार पक्का आहे. ही मुलं मोहीम सुरू झाल्यानंतर जन्मली. त्यांच्या रक्तात लागण सापडली, तर डास अजून आजार पसरवत आहेत. नाही सापडली, तर प्रसार थांबला असं मानून गोळ्या बंद करता येतात.

पण ज्या बाईचा पाय तिशीत सुजायला लागला आणि जी आज पासष्टची आहे, ती या तपासणीत कुठे आहे? कुठेच नाही. जुना हत्तीपाय गोळीने ओसरत नाही. रोज पाय धुणं, कोरडा ठेवणं, जखम होऊ न देणं, हाच उपाय. त्यात वयानुसार मधुमेह आला, तर त्याच पायातली जखम चिघळण्याचा धोका आणखी वाढतो. एकाच पायात जुना संसर्ग आणि नवा 'झिजेचा' आजार. सांगा बरं, या बाईला ओमरान यांच्या कोणत्या टप्प्यात बसवायचं?

निर्मूलनाला मान्यता देताना अशा रुग्णांच्या सेवेची नोंद जागतिक आरोग्य संघटना मागते, हे खरं. पण कार्यक्रमाचं यश ज्या आकड्याने मोजलं जातं, तो मुलांचा आकडा आहे.

कुष्ठरोग: वय वाढणं ही चांगली बातमी, तरीही

भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर केलं. निकष होता दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. या व्याख्येत रुग्ण म्हणजे नोंदवहीत उपचार चालू असलेला माणूस. उपचार आधी वर्षानुवर्षे चालायचे, बहुविध औषधोपचार आल्यावर ते सहा किंवा बारा महिन्यांवर आले. प्रत्येक माणूस नोंदवहीत थोडा काळ राहिला, की कोणत्याही दिवशीची संख्या आपोआप घटते, मग नवे रुग्ण तेवढेच असले तरी. म्हणून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीवर काम करणार असाल, तर आधी विचारा: हा आकडा नव्या रुग्णांचा की नोंदवहीतल्या?

आता वयाकडे या. नॉर्वेने १८५६ मध्येच राष्ट्रीय कुष्ठरोग नोंदणी सुरू केली होती. हॅन्सन यांनी पुढे १८७३ मध्ये जंतू शोधला तो याच देशात. या नोंदींचा इर्गेन्स यांनी अभ्यास केला. त्यात दिसलं, की प्रसार ओसरत गेला तसं नव्या रुग्णांचं वय वाढत गेलं. कारण कुष्ठरोगाची लागण आणि लक्षणं यांत अनेक वर्षांचं अंतर असतं. नवीन लागण थांबली, तरी जुन्या लागणीचे लोक उतारवयात रुग्ण म्हणून पुढे येत राहतात.

याचा अर्थ, नव्या रुग्णांत मुलं कमी आणि म्हातारे जास्त असणं हे यशाचं लक्षण आहे. पण याच क्षणी शोधमोहीम शाळेत केंद्रित केली, तर उरलेले रुग्ण सापडणारच नाहीत, कारण ते शाळेत नाहीत. घरी ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातातली बधिरता 'वयामुळे' म्हणून सोडून दिली जाते. लोकसंख्या जितकी म्हातारी, तितकं हे सोडून देणं सोपं.

सिकलसेल: कोणत्याच टप्प्यात न बसणारा आजार

ओमरान यांची सगळ्यांत मोठी अडचण इथे होते. सिकलसेल ना साथीचा, ना स्वतः ओढवून घेतलेला. तो आई-वडिलांकडून येतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मध्य भारतातल्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोळंकी यांनी 'द लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच लिहिलं होतं. पूर्व विदर्भात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास समाजांत तो आढळतो.

आता हा गुणधर्म इतका पसरला कसा? अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणजे 'पहिल्या टप्प्यातल्या' मलेरियाने शेकडो पिढ्यांत जी निवड केली, ती मलेरिया ओसरल्यावरही रक्तात राहिली. टप्पा संपला असं म्हणून ती जात नाही.

आणि लोकसंख्या बदलली की आजाराचं रूपही बदलतं. सिकलसेलचं मूल पूर्वी पाच वर्षांच्या आत 'तापाने' किंवा 'अंगात रक्त नव्हतं' म्हणून जायचं. आजाराचं नावही नोंदवलं जात नसे. आता लसी, प्रतिजैविकं, हायड्रॉक्सियुरिया यांमुळे ही मुलं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, मुली गरोदर राहतात. सिकलसेल असताना गरोदरपण जोखमीचं असतं. ओमरान यांचं तरुण स्त्रियांबद्दलचं विधान आठवा. ते इथे खरं ठरतं, पण त्यांच्या टप्प्यांच्या विरुद्ध बाजूने: बालमृत्यू घटल्यामुळे प्रौढ रुग्ण वाढले. जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण वाढलेले दिसले, तर "परिस्थिती बिघडली" असं लिहायच्या आधी हे लक्षात घ्या.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली. उद्देश पुढच्या पिढीत आजार जाऊ नये हा, म्हणून वयाची मर्यादा समजते. पण पंचेचाळिशीचा रुग्ण या छेदात नाही. हत्तीरोगात सहा-सात वर्षांची मुलं, कुष्ठरोगात मुलांमधल्या नव्या रुग्णांचं प्रमाण, सिकलसेलमध्ये चाळीसच्या आतले. तिन्ही ठिकाणी मोजपट्टी तरुण वयावर आहे, तिन्ही ठिकाणी त्याला रास्त कारण आहे, आणि मोजली जाणारी लोकसंख्या मात्र म्हातारी होत आहे.

मग सिद्धांत कुठे अडतो?

पहिली अडचण: तो 'जागा घेतली' असं धरून चालतो. फ्रेंक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच मध्यम उत्पन्नाच्या देशांचा विचार करताना ही हरकत घेतली. त्यांच्या मते टप्पे एकमेकांवर चढतात, गेलेले आजार परत येतात, आणि एकाच देशात गरीब-श्रीमंतांचे टप्पे वेगवेगळे असतात. ओमरान यांना उद्धृत करणार असाल, तर फ्रेंक वाचल्याशिवाय करू नका. माझी भर एवढीच, की टप्पे देशात किंवा वर्गांत एकमेकांवर चढतात तसे एका माणसाच्या आयुष्यातही चढतात. वरच्या पासष्टच्या बाईचा पाय हे त्याचं उदाहरण.

दुसरी अडचण मोजण्याच्या एककाची. २०१७ मध्ये आयसीएमआर आणि सहकारी संस्थांनी राज्यनिहाय आजारभाराचा अहवाल काढला. असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मधल्या ३० टक्क्यांवरून २०१६ मध्ये ५५ टक्के झाल्याचं त्यात आहे. काम मोठं आहे, आणि ते वाचायलाच हवं. पण त्यात राज्यांना स्थित्यंतराच्या पातळीनुसार चार गटांत ठेवलं आहे. महाराष्ट्र वरून दुसऱ्या गटात येतो, आणि मुंबई-पुण्यासोबत भंडाराही त्याच खुर्चीवर बसतो. शिवाय ही पातळी एका गुणोत्तरावरून ठरते: संसर्गजन्य वगैरे आजारांचा भार भागिले असंसर्गजन्य आजार आणि इजांचा भार. मधुमेह वाढला की छेद वाढतो आणि गुणोत्तर घटतं. हत्तीरोगाचा एकही रुग्ण कमी न होता राज्य 'पुढे' जाऊ शकतं!

तिसरी अडचण काळाची. वाइझ आणि ओल्शिंको-ग्रिन यांनी २०१० मध्ये दाखवलं, की ओमरान यांचा लेख लोकसंख्या नियंत्रणाच्या वातावरणात घडला. तेव्हाचा प्रश्न होता 'जन्म कमी कसे होतील?' आजचा भंडारा दुसरा प्रश्न विचारतो: जन्म कमी झाल्यावर उरलेल्यांची काळजी कोण घेणार?

ओमरान यांच्या बाजूनेही एक बोलायला हवं. वयाच्या रचनेवरून आजाराचा फटका ठरतो, हा त्यांचा आग्रह कोविडने खरा ठरवला. डाउड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हेच मांडलं, की म्हाताऱ्या इटलीत विषाणू जेवढे बळी घेतो, तेवढे तरुण देशात घेणार नाही. पण १९१८ ची एन्फ्लुएंझाची साथ बघा. त्या वेळी भंडारा मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांत व वऱ्हाडला देशातल्या सर्वांत जबर फटक्यांपैकी एक बसला. ती साथ २० ते ४० वयाच्या धडधाकट लोकांवर तुटून पडली. म्हणून नुसतं 'म्हातारी लोकसंख्या म्हणजे जास्त धोका' हे सूत्रही पुरत नाही. आजार कोणत्या वयाला गाठतो आणि त्या वयाची माणसं गावात किती, दोन्ही लागतं.

तुमच्या आराखड्यासाठी

एक छोटं गणित करून बघा. आकडे काल्पनिक आहेत. दोन गावं, प्रत्येकी १०,००० लोकांची. एका आजाराने साठीच्या आत हजारी १ मृत्यू, साठीपुढे हजारी २०. दोन्ही गावांत हाच धोका. पहिल्या गावात साठीपुढचे ६०० लोक, दुसऱ्यात १,२००. पहिल्यात मृत्यू होतील सुमारे २१, दुसऱ्यात ३३. दुसऱ्या गावाचा दर दीडपटीहून जास्त, आणि दवाखान्याचा, डॉक्टरचा, पाण्याचा यात काहीच दोष नाही. म्हणून तुमसर आणि लाखांदूर, किंवा भंडारा आणि ठाणे यांची तुलना करण्याआधी वयानुसार दर काढा आणि एका समान वयरचनेवर ते बसवा. व्हायवात हा प्रश्न आला नाही, तर तुमचं नशीब!

आता छेदाकडे. २०२१ ची जनगणना झाली नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. तोवर आपण २०११ चे आकडे पुढे ओढून वापरतोय, आणि एवढ्या काळात साठीपुढच्यांचं प्रमाण नक्कीच हललं आहे. योगायोग बघा: हत्तीरोगाच्या निर्मूलनाचं आणि कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणण्याचं राष्ट्रीय लक्ष्यही २०२७ हेच आहे. म्हणजे यशाचे दाखले आणि नवा छेद एकाच सुमारास हातात येतील. लक्ष्य गाठलं असं जाहीर झालं की मोहिमांचा निधी, माणसं आणि नोंदवह्या आटतात. तेव्हा जुन्या हत्तीपायाच्या, हातापायांत विकृती राहिलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या सिकलसेल रुग्णांची यादी कोणाकडे असेल?

हा प्रश्न पीएच.डी.ला पुरेसा आहे. आणि तो नुसता ग्रंथालयात बसून सुटणार नाही. एक तालुका घ्या, पवनी घ्या किंवा साकोली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवह्या परवानगी घेऊन वयानुसार मांडा. आशाताईंना विचारा, की यादीत नसलेले पण त्यांना माहीत असलेले रुग्ण किती. या दोन आकड्यांतली तफावत हीच तुमची समस्या, आणि तुमचं दुसरं प्रकरण. 'आपला जिल्हा तिसऱ्या टप्प्यात आला आहे' हे वाक्य खोडा आणि त्या जागी लिहा: कोणता आजार, कोणत्या वयात, आणि मोजताना कोणतं वय सुटलं.